नऊ इंची भिंत

आप्पा,

लोक अजूनही रस्त्यात थांबवून विचारतात, "घर पडलं का तुमचं?" मी सांगते, घर उभं आहे. वरच्या दोन खोल्या, जिना, गच्चीवरची टाकी, सगळं जागच्या जागी आहे. तुम्ही उभ्या केलेल्या सहा कॉलमांना केसाएवढी चीर नाही. पडली ती तळघराची एक भिंत. रस्त्याच्या बाजूची, जिच्या पाठीशी आठ फूट काळी माती होती. तेवढीच पडली, आणि तुम्ही नेमके तिच्यासमोर उभे होतात.

आज सव्वा महिना झाला. तुमच्यावर चिडायची मला लहानपणापासून सवय आहे, तुमच्यासाठी रडायची नाही. म्हणून चिडूनच लिहिते आहे.

तीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या कापडाच्या कारखान्यांत लूम दुरुस्त केले. त्या खडखडाटात कान गेले आणि आवाज चढला तो कायमचा. घरात तुम्ही मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटायचं भांडण चाललंय. बऱ्याचदा ते चाललेलंही असायचं. तुमचं म्हणणं एकच होतं, आपले स्वतःचे चार लूम, स्वतःच्या छपराखाली. आवाजावरून मोहल्ल्यात तक्रार नको म्हणून जमिनीखाली. शहरातल्या शनवाऱ्याची भाड्याची खोली सोडून आपण राजपुऱ्याच्या बाहेर, नाल्याकडच्या उतारावर आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पहिल्या मिस्त्रीला तुम्ही आठव्या दिवशी हाकललं, दुसऱ्याला चौथ्या. मग विटा तुम्ही रचायच्या, आईनं मसाला कालवायचा आणि मी ओळंब्याची दोरी धरायची. हात हलला की वरून विटेचा तुकडा यायचा. अंगावर नाही, पायाजवळ. नेम तुमचा चांगला होता.

तळघराचा खड्डा खणून झाला होता आणि त्यात पाणी साचलं होतं, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. काठावरून माझा पाय घसरला. पाण्याखालचं मला काहीच आठवत नाही, फक्त एक हिसका आठवतो. तुम्ही मला केसांना धरून वर काढलंत. वर आणून दोन थोबाडीत मारल्यात, इतक्या जोरात की कानातलं पाणी निघालं. आणि मग तुम्ही मातीच्या ढिगावर बसलात. तुमची मूठ उघडत नव्हती, तिच्यात माझे केस होते. मी रडायचं विसरून त्या मुठीकडे बघत राहिले.

आई म्हणाली, "लेकरू वाचलं ना? मंग मारता काहून?"

तुम्ही उठून पाणी उपसायची बादली शोधायला लागलात. काहून, ते तुम्हालाही ठाऊक नसावं.

घर बांधून झालं त्याच पावसाळ्यात तळघराची भिंत ओली झाली. तुम्ही वॉटरप्रूफिंगचा डबा आणलात आणि आतून दोन हात मारलेत. पुढच्या वर्षी तो लेप ताटाएवढ्या पापड्या होऊन सुटला. तुम्ही प्लास्टर फोडलंत, नवं केलंत, त्यावर दुसऱ्या कंपनीचा लेप. तोही गेला. दर वर्षी घण घेऊन तुम्ही खाली उतरायचात आणि वरच्या खोलीत आमच्या ताटातली भाकरी हादरायची. भिंतीवर घाव घालताना तुम्ही पाण्याला शिव्या द्यायचात, माणसाला देतात तशा, आईबहिणीवरून.

पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आप्पा, आतून लेप टिकत नाही. पाणी बाहेरून ढकलतं, ते लेप उचकटून टाकतं. बाहेरून खणायचं, तिकडून लेप लावायचा, पायाशी भोकांचा पाइप टाकायचा आणि पाणी नाल्यात सोडून द्यायचं. आपल्याला तर उतार आहे."

"सोडून द्यायचं?" तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं मी चोराला जेवायला बसवा म्हणाले. "माह्या घरात घुसून राह्यलं, अन् मी त्याले सोडून देऊ?"

"पाण्याला वाट द्यावी लागते."

"हे शिकवतात का कॉलेजात?"

आणि तुम्ही घण उचलून भिंतीवर असा मारलात की सांध्यातून पाण्याची चिळकांडी उडाली. तुम्ही त्यावर तळहात दाबून धरलात. किती वेळ उभे होतात तसे! कुणाचं तोंड दाबून धरावं तसे.

त्या दिवशी सुरू झालेलं आपलं भांडण सात वर्षं चाललं. मी मात्र एक गोष्ट विसरलेली नाही. मुलीला सिव्हिलला घालताय म्हणून मामा घरी येऊन हसला होता. म्हणाला, मुली काय सिमेंटच्या गोण्या उचलणार का. तुम्ही जेवता जेवता उठलात आणि खरकट्या हातानं त्याची कॉलर धरलीत. "माही पोरगी नकाशा वाचते. तुले वाचता येतो?" त्याच्या पांढऱ्या शर्टावर वरणाची पाच बोटं उमटली. तो पुन्हा दोन वर्षं आला नाही. माझ्या बाजूनं एवढं कुणी कधी भांडलं नाही. माझ्या विरुद्धही नाही.

या भाद्रपदात चार दिवस झड लागली. तापी फुगली, नाला तुंबला. मी इंदूरला साइटवर होते. आईचा फोन आला, "ये व माय. तुहा बाप खायना, पिईना, नुस्ता पाण्याले शिव्या देऊन राहिला."

मी आले तेव्हा तळघरात छातीएवढं पाणी होतं. चारांपैकी बसवलेले दोन लूम पाण्याखाली. तुम्ही दोन मोटरी आणून जिन्यात मांडल्या होत्या. मी खांद्यावरची बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती.

"आप्पा, मोटर लावू नका. बाहेरची माती पाणी पिऊन फुगली आहे, ती भिंतीला आत रेटते आहे. नऊ इंची वीटकाम आहे, त्यात सळई नाही. आतलं पाणी आहे म्हणून ती उभी आहे. बाहेरचं उतरू द्या, मग रोज हातभर काढू."

"म्हणजे पाण्यानं धरली माही भिंत?"

"हो."

"अन् मी काय धरून होतो मंग, इतकी वर्सं?"

आता वाटतं, तिथंच थांबायला हवं होतं. तुमच्याजवळ पायरीवर बसायला हवं होतं. तुम्ही भिंतीबद्दल विचारत नव्हतात. पण मी डिप्लोमावाली. मी मोटरीचं बटण बंद केलं.

तुम्ही चालू केलंत. मी बंद केलं आणि बोर्डातला फ्यूज उपसून मुठीत धरला. तुम्ही माझं मनगट पिरगाळलंत. मी मूठ सोडली नाही. तुम्ही थोबाडीत मारलीत. सत्तावीस वर्षांच्या, साइटवर चाळीस माणसांकडून काम करून घेणाऱ्या बाईच्या थोबाडीत. मी दोन्ही हातांनी तुम्हाला ढकललं. तुम्ही जिन्याच्या कठड्यावर आदळलात, ओठ फुटला, हनुवटीवरून रक्त आलं. आई मधे पडली तर आपण दोघांनी तिला बाजूला सारलं. तेवढ्या एका गोष्टीत आपलं एकमत झालं.

आणि मी ओरडले, "मरा मग त्या पाण्यात!"

तुम्हाला कमी ऐकू यायचं. हे तुम्हाला ऐकू आलं होतं का, ते मला कधीच कळणार नाही. मी स्कूटी काढली आणि बहादरपूरला मावशीकडे निघाले. फ्यूज अजून मुठीत होता. वाटेत केळीच्या बागेत तो फेकून दिला आणि मनाशी म्हणाले, आता बघू कशी मोटर लावतात. जन्मभर बंद पडलेले लूम चालू करणाऱ्या माणसाबद्दल मी असं म्हणाले. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालायला तुम्हाला किती वेळ लागला असेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शेजारच्या काकूंचा फोन आला. नीट बोलता येत नव्हतं त्यांना. "भिंत," एवढंच म्हणत होत्या.

आधी काय झालं ते आईनं नंतर सांगितलं. दोन्ही मोटरी पहाटेपासून चालू होत्या. पाणी घोट्यापर्यंत आलं आणि तुम्ही खालून हाक मारलीत, "ये, पाह्य, तळ दिसला!" ती चहा घेऊन तीन पायऱ्या उतरली. तुम्ही हसत होतात, म्हणाली. फुटलेल्या ओठानं हसत होतात. मग भिंतीतून आवाज आला. ताणून धरलेलं कापड फाडावं तसा. तिला वाटलं वरून काही पडलं. तुम्हाला कळलं असणार, कारण तुम्ही भिंतीकडे पाहिलंत आणि आईच्या अंगावर धावून आलात. तिला वाटलं, मारतायत. तुम्ही दोन्ही हात तिच्या पोटात घालून तिला वर फेकलंत. ती जिन्यावर तोंडावर आपटली. समोरचा दात पडला, मनगट मोडलं. मागे वळून पाहिलं तर जिन्याच्या खाली तुम्ही नव्हतात, नुसती काळी माती होती आणि ती हलत होती.

मी पोहोचले तेव्हा गल्लीतली माणसं कुदळी चालवत होती. मी किंचाळले, "कुदळ नको! हातांनी!" आणि त्यांना ढकलून खाली उडी मारली. ती माती सोडत नाही, आप्पा. हात घातला की धरून ठेवते. तिच्यात विटा, विटांना चिकटलेले तुमचे वर्षावर्षाचे लेप, पांढरे, राखाडी, एक निळा. मी नखांनी उकरत होते आणि तोंडानं तुम्हाला शिव्या देत होते. तुमच्याच शिव्या. तासाभरानं तुमचा खांदा लागला. लूमची लोखंडी चौकट आडवी पडून तिनं विटा डोक्यावरून अडवल्या होत्या. छातीवरून मात्र नाही.

सरकारी दवाखान्यात तुम्ही दोन दिवस होतात. डॉक्टरांनी पहिल्याच संध्याकाळी मला बाजूला नेऊन सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. हे मुद्दाम लिहिते आहे. पुढे जे केलं ते मी माहीत असून केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही डोळे उघडलेत, तोंडावरचा मास्क बाजूला केलात आणि माझं मनगट धरलंत. तेच, जे पिरगाळलं होतं. पकडीत अजून जोर होता.

"पाणी निघालं होतं, वैशे," तुम्ही म्हणालात. "पूर्ण."

मी काय म्हणायला हवं होतं, ते आता कुणीही सांगेल. हो आप्पा, म्हणायचं होतं. आई वाचली म्हणायचं होतं, तुम्ही वाचवलीत म्हणायचं होतं. ती खालच्या मजल्यावर हाताला प्लास्टर घालून बसली होती आणि तुम्हाला हे कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं.

मी म्हणाले, "म्हणूनच पडली ना भिंत."

तुम्ही माझं मनगट सोडलंत आणि तोंड फिरवलंत. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं मला हाक मारली तेव्हाही तुमचं तोंड तिकडेच होतं.

माझी बाजू बरोबर होती. पुस्तकात तसंच आहे, कुठल्याही इंजिनिअरला विचारा. बरोबर असूनही मी इतकी नकोशी कधी कुणाला झाले नव्हते. मला स्वतःलाच.

तेराव्याला मामा आला. त्यानं आणि आणखी चारजणांनी ठरवून टाकलं की तळघर मुरमानं भरून टाकायचं. डंपर सांगायलाही निघाले होते. आई आत पोळ्यांपाशी होती. डावा हात गळ्यात. ती बाहेर आली. तिचं बोलणं पडलेल्या दातातून फुस्स होत होतं, तरी सगळे तिच्याकडे वळले.

"त्यात माती नाही टाकू देनार मी," ती म्हणाली. "एकदा पडली तेवढी पुरे."

मामा काही बोलायला गेला तर तिनं हातातलं उलथनं त्याच्यावर उगारलं. आप्पा, तुम्ही बघायला हवं होतं. आपण दोघं इतकी वर्षं तिला बाजूला सारत आलो, आणि तिच्यात हे होतं.

मग मी रजा वाढवून घेतली आणि काम काढलं. पडलेली भिंत उपसली. बाहेरची माती एकदम सरळ कापली नाही, पायऱ्या पायऱ्यांनी कापली आणि जागोजागी फळ्या आणि बल्ल्यांचा टेका दिला. आता तिथं सळईच्या काँक्रीटची भिंत होईल, बाहेरून लेप लागेल. पण सगळ्यांच्या आधी पायाशी पाइप, खाली वर गिट्टी, आणि पाइपाचं तोंड उतारानं नाल्यात.

हाताखाली सुकलाल मिस्त्री आहेत, बहादरपूरचे, मावशीच्या ओळखीचे. साठीचे आहेत, हळू बोलतात. परवा पाइप टाकायचा होता. त्याला कापड गुंडाळावं लागतं, नाहीतर काळी माती भोकं बुजवून टाकते. मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. आईला दवाखान्यात दाखवून परत आले तर त्यांनी बारा फूट पाइप कापडाशिवाय टाकून वर गिट्टी लोटली होती.

मी खाली उतरले आणि माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो पूर्ण गल्लीनं ऐकला. मी गिट्टी उधळली, पाइप उपसला, कॉलमवर आपटून आपटून फोडला. "अक्कल कुठं ठेवून आलात? पुन्हा माणूस मारायचाय का इथं?" हातात राहिलेला तुकडा मी भिरकावला. त्यांच्या नडगीवर बसला. रक्त आलं.

त्यांनी नडगीकडे एकदा पाहिलं. थापी पाण्यानं धुऊन ठेवली. गमछानं हात पुसले, डबा घेतला आणि शिडी चढले. वरून एवढंच म्हणाले, "बाई, मी तुह्या बापाच्या वयाचा हाये."

मी खाली उभी. अंगात अजून जोर होता, अजून चार पाइप फोडले असते इतका. वर आई होती. ती मला रागावली नाही. तिनं फक्त तोंडावर हात ठेवला होता, आणि ती माझ्याकडे जशी बघत होती तसं तिला बघताना मी लहानपणी पाहिलंय. फक्त तेव्हा समोर तुम्ही असायचात.

तुम्ही म्हणाला असतात, जाऊ दे, दुसरा मिळतो. तुम्ही मिस्त्र्यांना जाऊ दिलंत, मामाला जाऊ दिलंत, मलाही बहादरपूरला जाऊ दिलंत. कधी कुणाच्या मागे चार पावलं गेला नाहीत. मी शिडी चढले आणि चिखलाच्या पायांनी धावत सुटले. राजपुरा गेटच्या अलीकडे ते दिसले, लंगडत चालले होते. भर दुपारी, रिक्षा, हातगाड्या, सगळ्यांच्या समोर मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. धाप लागली होती. मी त्यांच्या डब्याची कडी धरून ठेवली. जे म्हणायचं होतं ते वाक्य आपल्या घरात मी कुणाच्याच तोंडून ऐकलेलं नव्हतं, आप्पा.

"चुकलं माझं, काका," मी म्हणाले. "तुमच्यावर हात उचलला. चुकलं."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "कापड कुठी हाये? मले कोनी दावलंच नाही."

कापड माझ्या स्कूटीच्या डिकीत होतं. दोन दिवसांपासून. मी सांगितलं होतं, दिलं नव्हतं.

आम्ही परत आलो. आईनं त्यांच्या नडगीला हळद लावली. संध्याकाळपर्यंत पाइप पडला, आणि अंधार व्हायच्या आत नाल्यातल्या पाइपाच्या तोंडाशी आधी गढूळ, मग हळूहळू स्वच्छ पाणी आलं. बोटभर धार. आई काठावर उकिडवी बसून ती बघत राहिली. तिथंच तिनं डोळ्यांना पदर लावला. या सव्वा महिन्यात पहिल्यांदा.

मी अजून चिडलेली आहे. तुम्ही तार घातलीत म्हणून, ऐकलं नाहीत म्हणून, आईला खाली बोलावलंत म्हणून. हे भांडण मी जन्मभर करणार आहे आणि ते मीच जिंकणार, कारण पलीकडे आता कुणी नाही. पण त्या दुपारी दवाखान्यात तुम्ही माझं मनगट धरलं होतंत आणि माझ्याकडे एक वाक्य होतं. आपल्या घरात ते माझ्या जिभेवर कुणी ठेवलेलंच नव्हतं. परवा रस्त्यात एका परक्या माणसासमोर ते पहिल्यांदा निघालं.

चुकलं माझं, आप्पा.